भाऊबीजेची ठेव

११ डिसेंबर २०२५. सुनेत्राच्या खात्यात अठ्ठावीस हजार रुपये आले, आणि दर महिन्याला येणारे सरकारी योजनेचे दीड हजार आले नाहीत.

तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. फॉल-पिकोच्या मशीनचा चौदाशेचा हप्ता पंधरा तारखेला होता. हप्ता चुकला की दुकानदार मशीन उचलून नेणार. नवरा, अरविंद, कारखाना बंद पडल्यापासून एका गोदामावर बसायचा. त्याचा पगार देवासच्या घरभाड्यात आणि किराण्यात संपे.

वॉर्ड कार्यालयातल्या बाईने सांगितलं, "दीदी, आपका तो रिटर्न भरा हुआ है. दो लाख अस्सी हज़ार की आमदनी. योजना की हद से ऊपर, नाम कट गया."

"माझी आमदनी?"

घरी येताना उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला धारहून तात्यासाहेब, तिचे थोरले भाऊ, आले होते. ओवाळल्यावर तबकात त्यांनी पाकीट ठेवलं. आत बँकेचे कागद होते: चाळीस लाखांची ठेव, सुनेत्राच्या नावाने. "नाव तुझं, व्याज माझं. माझा टॅक्स वाचतो. सख्ख्या बहिणीवर नाही तर कोणावर भरवसा ठेवू?" ओवाळणी नाकारायची कशी? तिने सह्या केल्या. बँकेने व्याजातून कापलेला कर परत मिळावा म्हणून तिचं रिटर्न त्यांनीच भरवलं. अठ्ठावीस हजार म्हणजे तोच परतावा.

"लखपती बाईसाहेब, चहा मिळेल का?" सगळं ऐकून अरविंदने विचारलं. ती हसली नाही. तिने फोन लावला.

"तात्या, ती ठेव मोडा."

"अगं, दीड हजारांसाठी? माझे चौऱ्याऐंशी हजार जातील टॅक्सात! तुझे दीड हजार मी देतो की. लागले की सांगत जा."

"तेच तर, तात्या. सरकारला सांगावं लागत नव्हतं."

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी बँकेत गेली, ठेव मोडली आणि सगळी रक्कम धारला पाठवली. तात्यासाहेबांचे फोन वाजत राहिले. कापलेलं नाव पुन्हा लागेल की नाही, ते वॉर्डात कोणी सांगेना.

परताव्यातून तिने मशीनचा हप्ता भरला आणि उरलेले सव्वीस हजार सहाशे भावाला पाठवले.

तात्यासाहेबांचे चौदाशे रुपये देणं आहे.