राचप्पाची कोप

कुणाच्याही घरी गेला की राचप्पा आधी वर बघायचा. समोर घरधनी "या, या" म्हणत उभा, आणि हा अंगणात थांबून, मान मागं टाकून आभाळ न्याहाळतोय. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हाही सासऱ्यांच्या पाया पडायचं सोडून त्यानं आधी आभाळ पाहिलं. जावयाला फेफरं आलं की काय म्हणून सासरे कांदा आणायला पळाले. ही हकीकत मी गावभर फार आवडीनं सांगायचो. माणसं पोट धरून हसायची आणि वर म्हणायची, "लई गोड माणूस हाय पण." तिथं माझी गोष्ट फुकट जायची.

राचप्पा आणि मी लोहारा गावातल्या एकाच गल्लीतले, एकाच महिन्यात जन्मलेले. त्याची आई बाळंतपणातच गेली. तेव्हा माझ्या आईनं, म्हणजे अव्वानं, एका मांडीवर मला आणि दुसऱ्या मांडीवर त्याला घेतलं. माझ्या वाटणीचं दूध तू प्यालास, असं मी त्याला लहानपणी भांडणात सुनवायचो. त्यावर तो माझ्या पोटाकडं बोट दाखवायचा. "कमी पडल्यावानी दिसत न्हाय की रं!" अव्वा हसायची. तिचं ते हसणं मला अजून आठवतं, कारण ते त्याच्या बाजूचं असायचं.

मोठा झाल्यावर तो हैदराबादेला गेला आणि तिथल्या वेधशाळेत चिकटला. फोटोच्या काचांवर उतरवलेले तारे भिंगातून बघायचे आणि त्यांच्या जागा मांडायच्या, अशी त्याची नोकरी. निजामाच्या राज्यात कुणाला कशाचा पगार मिळेल याचा नेम नव्हता, असं मी म्हणायचो. वडील गेल्यावर शेती बघायला तो परत आला. येताना बायको महानंदा आणि एक पितळी दुर्बीण एवढंच घेऊन आला. त्याचं शेत माझ्या शेताला लागून, बांधाला बांध. खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

आमच्याकडं येळवस म्हणजे दिवाळीहून मोठा सण. मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, भाज्या-कडधान्यांची भज्जी, आंबील, धपाटे खायचे, आणि दिवस मावळला की कडब्याचा पेंढा पेटवून, त्याला आम्ही हेंडगा म्हणतो, शेताभोवती पळायचं. कुणाच्या कोपीत किती माणूस जेवला, यावरून त्या घराची पत ठरते. माझ्या वडलांपासून गल्लीतलं सगळं माणूस आमच्या कोपीत बसायचं. राचप्पा आला त्या वर्षी जेवणं माझ्याकडं झाली, हेंडगे विझले आणि बघता बघता माझी कोप रिकामी झाली. सगळे बांधापलीकडं, दुर्बिणीभोवती. अव्वा सगळ्यांत पुढं.

मी भांडी आवरायचं निमित्त करून बांधावर जाऊन उभा राहिलो. अव्वानं दुर्बिणीला डोळा लावला होता. कृत्तिका बघायचं चाललं होतं.

"राचा, हितं तर लईच तारे दिसायलेत रं!"

"दमानं बघ अव्वा. कुठं पळून जात न्हाईत ते," राचप्पा म्हणाला. दुर्बीण कुणाच्याही हातात देताना तो हेच म्हणायचा. "हे समदे एका आईची लेकरं. आधी निस्ता ढग हुता. पावसाचा न्हाय, वायूचा आन् धुळीचा. आपल्याच वजनानं आत आत दबत गेला, त्याच्या गाठी झाल्या, गाठी तापल्या आन् एकेक तारा पेटला."

"मंग एका जागीच ऱ्हातेत का जलमभर?"

"कुठलं ऱ्हातेत! आकाशगंगा म्हंजे फिरतं चाक हाय, अव्वा. आतले तारे बिगीनं फेरा पुरा करतेत, भायेरचे मागं पडतेत. त्या ओढाताणीत ताऱ्यांचा घोस सैल होतो. हलके आसतेत ते आधी निसटतेत, जड मधी बसून ऱ्हातेत. कोटी कोटी वर्सांनी घोसच ऱ्हात न्हाय, तारे तेवढे उरतेत, चहूकडं."

"म्हंजे म्या जड, आन् हैदराबादेला पळाला त्यो हलका," मी बांधावरून टोला हाणला.

"व्हय की. म्हणून तर वापस आलो, शंकऱ्या. वजन कमी पडायलं हुतं."

पुन्हा हशा, पुन्हा त्याचाच.

पुढच्या येळवशीला मी तयारीनं उतरलो. सोलापूरच्या बाजारातून लष्करातली जुनी, दोन डोळ्यांची दुर्बीण आणवली. राचप्पाची एका डोळ्याची, माझी दोन डोळ्यांची! त्याच्याआधी माणसं बसवायची म्हणून अंधार नीट पडायच्या आतच मी हाळी दिली. वर काही धड दिसेना. पण पूर्वेला, माळाच्या अंगाला, उजेडाचे चार-सहा ठिपके एका जागी लुकलुकताना दिसले. मी छाती काढून सांगितलं, "ह्याच कृत्तिका. आता उगवायल्यात." आणि पहिला मान म्हणून दुर्बीण अव्वाच्या डोळ्यांना लावली.

अव्वानं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आगं बया! शंकर, तुझे तारे पळायलेत की रं!"

माळापलीकडच्या वाडीतली माणसं कोपीशी हेंडगे पेटवून आपापल्या शेतांकडं धावत सुटली होती. सगळं रान हसलं. माझी बायकोसुद्धा पदरात तोंड लपवून हसत होती. जमीन दुभंगावी आणि त्यात आधी राचप्पानं पडावं, असं मला वाटलं.

तेवढ्यात तो बांध ओलांडून आलाच. माझ्या हातातली दुर्बीण घेऊन बघितलं. तो हसला नाही. "शंकऱ्यानं बरोबर दावलंय," तो म्हणाला. "घोस फुटतो कसा, ह्ये म्या गेल्या साली तोंडानं सांगितलं, ह्यानं डोळ्यांला दावलं. बघा, एका आगीवर समदे पेटले आन् आता पांगायलेत. तिकडं कोटी वर्सं लागतेत, हितं घटकाभरात उरकलं. बसा समदे, दमानं बघा."

माणसं बसली. माझ्या कोपीपुढं, दाटीवाटीनं, वडलांच्या काळातसुद्धा बसली नव्हती इतकी. कोप माझी भरली आणि ऐकत होती सगळी त्याचं. अपमान केला असता तर मी त्याच्याशी बोलणं तरी टाकलं असतं. त्यानं तीही सोय ठेवली नाही.

मग रझाकारांची धास्ती वाढली आणि गाव पांगायला लागलं. आम्ही अक्कलकोटकडं सासुरवाडीला निघालो, राचप्पा सोलापूरला. दिवेलागणीची वेळ, गाड्या जुंपलेल्या. अव्वानं धपाट्यांच्या दोन शिदोऱ्या बांधल्या होत्या; त्याची मोठी होती, मी बघितली. तो मात्र नेहमीसारखा वर बघत उभा. "शंकऱ्या, सप्तर्षीतले मधले पाच एकाच घोसातले. घोस कवाच फुटलाय. पण आजून एकाच दिशेला चाललेत." बायकापोरं रडतायत आणि ह्याला आभाळ सुचतंय, म्हणून मी बैलांना चाबूक ओढला.

निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही परत आलो. राचप्पा सोलापुरातच मास्तर झाला. येळवशीला माझी कोप पुन्हा पहिल्यासारखी भरू लागली. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. अव्वा मात्र जेवताना बांधापलीकडं बघायची आणि मी भज्जी वाढत तिच्यापुढून सरकायचो. अव्वा गेली तेव्हा राचप्पा आला, अंगणात थांबून वर बघितलं आणि माझ्याआधी रडला.

तो गेल्याचा निरोप मला उशिरा पोचला. सोलापूरला त्याच्या घरी गेलो. महानंदा वहिनी मला गच्चीवर घेऊन गेल्या. कोपऱ्यात कडब्याच्या वाळक्या पेंढ्या रचलेल्या होत्या.

"दरसाल येळवशीला हितं कोप घालायचे," त्या म्हणाल्या. "आजूबाजूची समदी माणसं यायची, जागा पुरायची न्हाय. पर पांडवांच्या शेजारची जागा मोकळी ठेवायचे. कुणी बसाय लागलं की म्हणायचे, तिथं न्हाय, तिथं आमचा शंकऱ्या बसतो."

"मला कधी बोलावणं धाडलं न्हाय त्यानं," मी म्हणालो.

"म्या म्हणायची की, धाडा म्हणून. तर म्हणायचे, येळवशीला त्याची सोताची कोप आसती. ती टाकून त्यो कसा येईल?"

मी वर बघितलं. भर दुपार होती, आभाळात काहीच नव्हतं. माझ्या कोपीत माणसं मावत नव्हती, पण त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवावी, हे मला एकाही येळवशीला सुचलं नव्हतं. राचप्पाचा हेवा मी जन्मभर केला. पण त्या गच्चीवर वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.