‘य’खालचा ठिपका

जीवराम नानांचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं उठतं. माणूस वाईट नव्हता, देवमाणूसच म्हणा. पण पंच्याण्णव साली या देवमाणसाने एका ठिपक्यापायी मला असं छळलं की काही विचारू नका.

जळगावात तेव्हा माझं डीटीपीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि केव्हाही जाणारी लाइट. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फार तर एखाद्या पतपेढीचा अहवाल. एके दिवशी असोद्याहून नाना आले. शाळेत त्यांनीच मला मराठी शिकवलेलं, आता रिटायर झालेले. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून म्हणाले, "भिकन, आपल्या बोलीच्या शब्दांचं पुस्तक करायचं."

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. याच नानांनी वर्गात ‘डोया’ म्हटलं म्हणून छडीने माझा हात लाल केला होता. केयी नाही, केळी! काया नाही, काळा! अख्ख्या असोद्याच्या पोरांच्या तोंडात त्यांनी ‘ळ’ ठोकून बसवला. घरी बायकोलाही सोडलं नाही. यशोदाअक्का बिचाऱ्या, घरात कुणी शिकलेलं माणूस आलं की तोंडच उघडायच्या नाहीत. आणि आता म्हणे, डोया लिही!

"नाना, तेव्हा काय झालं होतं?" मी तोंडावरच विचारलं.

"तेव्हा अक्कल नव्हती," ते म्हणाले. "आता नात पुण्याला शिकते, तिला आजीचं बोलणं कळत नाही. यशोदा गेली की पोरीला हे कोण ऐकवणार? निदान कागदावर बघून तरी तिला जसंच्या तसं म्हणता आलं पाहिजे."

काम घेतलं आणि फसलो. कारण नुसता ‘य’ नानांना चालेना. "विहिरीत गाय आहे असं छापलंस तर पोरीला जनावर वाटेल. अरे, तो गाळ आहे! त्याचा उच्चार वेगळा. खाली ठिपका दे."

"वेगळा म्हणजे कसा? म्हणून दाखवा ना."

"मी कशाला? उद्या यशोदेलाच आणतो."

दुसऱ्या दिवशी खरंच आणलं. बोल, बोल म्हणून अक्कांच्या मागे लागले. माझं दुकान त्यांना घरच्यासारखं, त्यामुळे त्या सरळ भडकल्या. "डोय़ाले दिसत नाही का तुमच्या? पोरगं कामात आहे अन् तुम्ही त्याचं डोकं खाऊन राह्यले!"

"ऐकलंस?" नाना उडालेच. "डोय़ा! इथे ठिपका!"

आता ठिपका आणू कुठून, माझ्या कपाळातून? माझ्या फॉन्टमध्ये ‘य’खाली ठिपका नव्हताच. मग पूर्णविराम टाइप करा, लहान करा, खाली ओढा, मागे सरकवा. एका ठिपक्याला एवढी यातायात! त्यात नानांनी वर एखादा शब्द वाढवला की ओळ सरकायची आणि ठिपका पुढच्या ओळीत एकटाच जाऊन बसायचा. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. बायको म्हणाली, नानांना इथेच खाट टाकून द्या.

कसंबसं संपवलं. छपाई धुळ्याला. छापून आलेलं पुस्तक नानांनी उघडलं आणि मटकन खाली बसले. एकही ठिपका नाही! मी तडक धुळ्याला गेलो. प्रेसमध्ये छपाईआधी पानांच्या फोटोंची निगेटिव्ह साफ करणारा चिंधा मोठ्या कौतुकाने सांगतो, "भाऊ, निगेटिव्ह भलती खराब व्हती. बठ्ठा डाग बुजी टाकात मी!"

त्याला काय मारू? धूळ पडली की निगेटिव्हवर अगदी तसेच ठिपके दिसतात. त्याने त्याचं काम चोख केलं होतं.

प्रकाशन रविवारी, पुण्याहून नात यायची होती. पुढे ढकला म्हटलं तर नाना ऐकतील तर शपथ! पेन घेऊन एकेका पुस्तकात ठिपके देत बसले. मलाही बसवलं. माझी बोटं सुजली हो!

रविवारी शाळेत सभा भरली. नात हौसेने वाचायला उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला अडली. "आजोबा, ‘सकाय’, पण खाली ठिपका आहे. कसं म्हणायचं?"

नाना उठले. "सकाळ," म्हणाले. मान हलवली. "सकाय." तेही नाही. पुन्हा ‘सकाळ’. मधला तो उच्चार काही केल्या निघेना. जन्मभर घोटलेली जीभ ती! घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "यशोदे, तू म्हण."

सगळी सभा अक्कांकडे वळली. मास्तर लोक, सरपंच, नातीबरोबर पुण्याहून आलेली सून. अक्कांनी पदर सावरला, उठल्या, आणि जीभ टाळूला लावून अगदी सावकाश, स्वच्छ म्हणाल्या, "सकाळ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र नानांच्या तोंडाकडे बघवेना. अक्का खाली बसल्या आणि त्यांच्याकडे झुकून हळूच विचारू लागल्या, "बरोबर म्हटलं ना मी?"