पंचफुलाबाईंचा बिनतेलाचा घाणा

शाळेच्या कँटीनमधली कढई माझ्या पत्रामुळे गेली, हे आधीच सांगून टाकते.

माझी मुलगी दिपाली तेव्हा आठवीत होती. रोज सकाळी पोट धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, तळलेलं बंद करा. घरातलं मी त्याच दिवशी बंद केलं, पण शाळेतलं कसं करणार? त्या काळजीत मी दोन पानी पत्र लिहिलं. पालकसभेत ते वाचलं गेलं आणि चक्क टाळ्या पडल्या. ठरलं असं की कँटीनमधून कढई हटवायची, दोन मोठे एअर फ्रायर घ्यायचे आणि विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परीक्षा घ्यायची. आठवीच्या बत्तीस मुलांना वीस मिनिटांत गरम नाश्ता मिळाला, तर जुनी बाई राहील. नाहीतर रायपूरच्या एका एजन्सीची शिकलेली माणसं येतील.

जुनी बाई म्हणजे पंचफुलाबाई. एकोणीस वर्षं त्या कँटीनमध्ये त्यांचाच हात होता. माझ्या पत्रात त्यांचं नावही नव्हतं. खरं म्हणजे लिहिताना त्या माझ्या मनातच आल्या नव्हत्या.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी भिलाईतल्या आमच्या हुडको वसाहतीतल्या घराची बेल वाजली. दार उघडलं तर पंचफुलाबाई. मरोदा वस्तीतून सायकलने आल्या होत्या. घामाने पदर भिजलेला, हातात शाळेच्या फ्रीजमधलं गोठवलेल्या ओनियन रिंगचं पुडकं. मला वाटलं, भांडायला आल्या.

"मॅडम, तुमच्या घरी ते मशीन आहे म्हणे."

"आहे."

"मंग शिकवा. तुमच्या चिठ्ठीनं कढई गेली, त आता तुमीच शिकवा. दुसऱ्या कोणाले कावून विचारू?"

त्यात राग नव्हता, विनंतीही नव्हती. पाव्हण्याने चहा मागावा तितक्या सहज त्या आत आल्या आणि ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पंचफुलाबाई मूळच्या गोंदियाकडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. नवरा आनंदराव स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होते, म्हणून लग्न होऊन भिलाईत आल्या. आनंदरावांच्या पाठीला मार बसला, काम सुटलं, तेव्हा बाईंनी कँटीन धरलं. चौथी शिकलेल्या. कुठलाही पदार्थ मोजून करत नाहीत. तेल तापलं की नाही हे त्या आवाजावरून सांगतात आणि भजं झालं की नाही हे वासावरून. एका वेळी कढईत जेवढं मावतं त्याला घाणा म्हणतात. त्यांचा घाणा निघाला की मुलं मैदानाच्या पार टोकावरून धावत यायची.

मी मशीनची पुस्तिका काढली. तिच्यात पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या, कारण ते मशीन मी अजून भीतभीतच वापरत होते. मी सूचना वाचत होते तेवढ्यात दिपालीच्या क्लासमधून फोन आला. मी बोलत बोलत बाल्कनीत गेले. परत येऊन पाहते तर बाईंनी पुडकं फोडून ओनियन रिंग परातीत मांडल्या होत्या आणि परात खिडकीतल्या उन्हात ठेवली होती.

"अहो, हे काय?"

"बर्फ सुटू देऊन राहिली. बर्फाचं तेलात टाकलं का तेल अंगावर उडते."

"पण यात तेल नाहीच!"

त्या थांबल्या. परातीकडे पाहिलं. रिंगा मऊ पडल्या होत्या, वरचा चुरा सुटून खाली चिखल झाला होता. एक उचलायला गेल्या तर नुसता कांदाच हातात आला.

"हौ," त्या म्हणाल्या, "हे त खरंच आहे. तेल नाही त उडंल काय?" आणि मोठ्याने हसल्या. "एकोणीस वर्साची आदत आहे मॅडम, एका दिवसात थोडीच जाते."

मी असते तर तिथेच रडले असते. त्यांनी परात धुतली, पुडक्यातल्या उरलेल्या रिंगा तशाच कडक उचलल्या आणि जाळीवर रचायला लागल्या. रचता रचता एक बोटांत दाबून पाहिली, नाकाशी नेली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच चोर.

"मॅडम, हे त आधीच तळलेलं आहे."

"हो, कारखान्यात थोडं तळूनच गोठवतात."

"मंजे तेलात पोहून आलं, अन् इथं येऊन साधू झालं!"

मी थोडं कमी तेल लागतं वगैरे काहीतरी म्हणाले. त्या म्हणाल्या, "असू द्या. पोरांच्या पोटाले बरं पडंल त चांगलंच आहे. दिपालीचं पोट दुखते हे मले मालूम आहे. मी तिले भजं देतच नव्हती, मुरमुरे देत होती. तिनं सांगितलं नाही काय?"

नव्हतं सांगितलं. मी तोंड धुवायच्या निमित्ताने न्हाणीत गेले.

त्या दुपारी त्यांनी तीन घाणे काढले. पहिल्यात एकावर एक रिंगा रचल्या. वरच्या जळाल्या, खालच्या ओल्या राहिल्या. दुसऱ्यात एकच थर लावला, पण मध्ये उलटवल्या नाहीत, म्हणून खालची बाजू मऊ राहिली. तिसऱ्यात मशीन आधी रिकामं तापवलं, एकच थर ठेवला, अर्ध्या वेळात जाळी ओढून भाकरीसारख्या रिंगा पालटल्या. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. डोळे मिटून उभ्या होत्या. "आता," म्हणाल्या आणि जाळी ओढली. सोनेरी, कुरकुरीत. पुस्तिकेतल्या वेळेपेक्षा दीड मिनिट आधी.

"मशीनले बी वास येते," त्या म्हणाल्या. "फक्त कान देऊन नाही, नाक देऊन उभं राहा लागते."

त्यानंतर त्या दर दोन दिवसांनी येत राहिल्या. मला रात्री झोप येत नसे, आणि त्या मात्र म्हणायच्या, "पास होईन मॅडम, कावून घाबरता? मशीन मले पाहून राहिलं, मी मशीनले."

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी भिलाईत ज्याच्याकडे जे यंत्र असेल ते पुजलं जातं. घरातलं शिलाई मशीनसुद्धा. शाळेत बस, प्रयोगशाळेतली यंत्रं, कॉम्प्युटर, सगळ्यांना कुंकू लागलं. कँटीनचा हिशोब बघणारे शामराव, रोलिंग मिलमधून रिटायर झालेले, त्यांनी दोन्ही एअर फ्रायरवर स्वस्तिक काढलं आणि नारळ फोडला. पुजलेलं मशीन त्या दिवशी चालवायचं नाही. सगळे प्रसाद घ्यायला व्हरांड्यात गेले आणि मी मागे राहिले.

त्या बाईची एकोणीस वर्षं उद्याच्या वीस मिनिटांवर होती, आणि तिथे त्यांना आणून ठेवलं होतं मी. मी काय करू शकत होते? पूजेच्या ताटातल्या मूठभर अक्षता आणि दोन झेंडूची फुलं घेतली, डाव्या मशीनची जाळी ओढली, आत ठेवली, हात जोडले, जाळी बंद केली. जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीला दहा मिनिटं होती. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या मॅडम, शामराव, पालक समितीचे तिघे आणि मी असे भिंतीला लागून उभे. बाईंनी दोन्ही मशीनं रिकामी तापायला लावली. काल पूजेआधी त्यांनी स्वतः धुऊन पुसून ठेवली होती, उघडून बघायचं कारणच नव्हतं.

आधी तडतड झालं. आतल्या पंख्याने तांदूळ उडवले होते. मग झेंडूच्या पाकळ्या वर गेल्या, तापलेल्या कॉइलला चिकटल्या, आणि मशीनच्या पाठीतून धूर निघाला.

"ये क्या जल रहा है?" मोठ्या मॅडम ओरडल्या.

शामराव पाण्याची बादली घेऊन धावले.

"पाणी नोका टाकू!" बाईंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "दादा, बादली खाली ठेवा. करंट आहे तिथं." त्यांनी बटण बंद केलं, प्लग उपटला, मशीन उघडलं नाही. खिडकी उघडली. मग काहीच झालं नाही अशा हाताने उजव्या मशीनमध्ये पहिला थर लावला.

समितीतले एक जण पुटपुटले, एका मशीनवर बत्तीस मुलं होणार नाहीत, एजन्सीला फोन करावा. मोठ्या मॅडमनी पर्समधून फोन काढला.

"वो फूल मैंने रखे थे," मी म्हणाले. "कल. पूजा के. बाई की गलती नहीं है."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्या नाक मशीनकडे करून उभ्या होत्या.

"फोन थांबवा मॅडम," त्या म्हणाल्या. "घंटा त होऊ द्या."

घंटा झाली. मुलं आली. पहिल्या घाण्यात अठरा रिंगा निघाल्या. एजन्सीवाल्यांनी दोन-दोन देऊन नऊ मुलांना खूश केलं असतं आणि तेवीस जणांना रांगेत उभं ठेवलं असतं. बाईंनी अठरा जणांच्या हातात एकेक ठेवली. "फुंकून खा. दुसरी येऊन राहिली." भज्यांच्या घाण्याला त्या हेच करायच्या. खाणाऱ्याचं तोंड चालू राहिलं की तो वाट बघत नाही.

तोवर डावं मशीन निवलं होतं. त्यांनी चिमट्याने जळक्या पाकळ्या वेचल्या, जाळी झटकली, तांदूळ कोरड्या फडक्याने पुसले आणि प्लग लावला. मग दोन्ही मशीनं आळीपाळीने चालली. दिपाली दुसऱ्यांदा रांगेत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, अजून एक?" बाई म्हणाल्या, "तुले दोनच. तुई आई उभी आहे तिथं." सगळे हसले. मोठ्या मॅडमसुद्धा.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा बत्तीसही मुलांचं खाऊन झालं होतं आणि जाळीवर आठ रिंगा उरल्या होत्या. मोठ्या मॅडमनी एक खाल्ली, मग दुसरी. फोन केव्हाच पर्समध्ये गेला होता. शामरावांना म्हणाल्या, "कँटीन इन्हीं के पास रहेगी."

मी माफी मागायला गेले. बाई मशीन पुसत होत्या.

"तुमची चिठ्ठी बी चालली मॅडम, तुमचं फूल बी," त्या म्हणाल्या. "दोन्ही पोरांच्या काळजीनंच ना?"

"पण तुमचं काम गेलं असतं."

"गेलं काय?"

या वर्षीच्या पूजेला मी मुद्दाम लांब, दाराशी उभी होते. पंचफुलाबाईंनी बोलावून घेतलं आणि एक झेंडू माझ्या हातात दिला.

"ठेवा, तुमीच ठेवा. पण वरतं," त्या म्हणाल्या. "पोटात नोका घालू."