खाकी कव्हरांचा गठ्ठा

नागपूर स्टेशनात दिल्लीची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात दुसरीतल्या माझ्या लेकीचं, मंजूचं, बोट होतं आणि दुसऱ्या हातानं मी पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरला होता. आम्हाला न्यायला आलेले हे म्हणाले, एक काहीतरी माझ्याकडे दे. मी मंजूला दिलं. यावरून त्या वेळी मी काय चीज होते ते तुम्ही ओळखा.

तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांना वाटलं, आम्ही सुखाला गेलो. जे माझ्यासारखेच उठून कुठे कुठे गेले त्यांना सांगायला नको. देश खुला झाला, नवे कारखाने निघाले, असं रोज पेपरात यायचं. यांनी पक्की नोकरी सोडून नोएडातल्या रंगीत टीव्हीच्या कारखान्यात नवी धरली. हे पुढे गेले आणि घर मिळेपर्यंत मी आणि मंजू माझ्या आईकडे राहिलो. तिथेच हा घोटाळा झाला.

आईकडे पुस्तकांच्या दोन फळ्या होत्या. वरची माझी. मी मराठीची एम.ए., तेव्हा माझ्या कादंबऱ्यांत काही घडत नसे. माणसं खिडकीशी उभी राहून विचार करत. खालची फळी आईची. तिच्यावर खून, भुतं, शिकारी, लोणची आणि घरगुती औषधं. दोन्ही फळ्यांत मी मुद्दाम अंतर ठेवलं होतं, माझ्या पुस्तकांना काही लागू नये म्हणून. निघण्याआधीच्या आठवड्यात मी घरातल्या एकूणएक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं. आई म्हणाली, "अगं, वर नावं तरी टाक."

मी म्हणाले, "आपलं पुस्तक हातात घेऊन ज्याला कळत नाही, तो वाचक कसला?"

आई चिवड्याचा डबा बांधत होती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं फळ्या पुसायला सगळी पुस्तकं खाली काढली. मी डोळे मिटल्यासारखे करून, एकेक हातात तोलून, माझी माझी निवडली. बघणाऱ्याला वाटावं, मी मोती पारखतेय.

नोएडात पोचल्यावर सुतळी सोडली. पहिलं निघालं लोणच्यांचं. दुसरं, थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यात झालेल्या खुनाचं. तिसऱ्यात भुतं होती, चौथं मधमाश्या कशा पाळाव्यात यावर. पुढची उघडायची हिंमत झाली नाही. हे शेजारी उभे राहून वाचत होते. "मधमाश्यांचं बरं दिसतंय," म्हणाले. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

खरं सांगायचं तर दुःख पुस्तकांचं थोडंच होतं. अर्धवट बांधलेली घरं, दारातून आत येऊन बसणारी रेती, पत्ता म्हणून नुसता सेक्टरचा आकडा. दिल्लीवाले आम्हाला जमनापारचे, यमुनेपलीकडचे, म्हणत, जसे काही आम्ही पोहून येत होतो. पण "मला इथं करमत नाही" असं म्हणणं एम.ए. बाईला शोभत नव्हतं. म्हणून मी यांना सांगितलं, वाचायला धड पुस्तक नाही अशा गावात मी राहू शकत नाही. दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर मी आणि मंजू नागपूरला कायमच्या. यांनी मान हलवली. ते खरंच घाबरले होते, हे मला फार नंतर कळलं.

मग मी धड पुस्तक शोधायला निघाले. एका जागी बूड टेकवत नव्हते. बस बदलत दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरला यांच्या ओळखीच्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेले. तिथल्या वहिनींनी काचेचं कपाट उघडलं तर आत सुंदर कपबश्या. पुस्तकं दर बदलीला थोडी थोडी गळत गेली, म्हणाल्या, आणि जुने दिवाळी अंक हातावर ठेवले, कोडी सोडवलेले. पहाडगंजला मराठी शाळा आहे असं कळलं, तिथे गेले. तिथल्या बाईंनी प्रेमानं बालगोष्टी दिल्या. मंजू खूश, मी होते तशीच. रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर उन्हात उकिडवी बसून ढिगारे उपसले. एकदा खालून देवनागरीत मराठी नाव दिसलं आणि मी वरचा ढीग दोन्ही हातांनी सारला. ओढून काढलं तर शिवणकाम, भाग दुसरा. तेही घेतलं. भाग पहिला न वाचता.

लाइट रोज जायची, संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी. अख्खी बिल्डिंग गच्चीवर चढायची. बायका गप्पा मारायच्या आणि मी कठड्याशी उभी राहून विचार करायची, थेट माझ्या कादंबऱ्यांतल्या माणसांसारखी. समोरच्या फ्लॅटमधली पम्मी, पंजाबी, आवाज असा की जमनेपलीकडे जावा. ती एकदा म्हणाली, "भाभीजी, आप दिनभर पढ़ती क्या हो? हमें भी सुनाओ."

तोवर मी बंगल्यातला खून चोरून वाचायला लागले होते. हे कारखान्यात गेले की मी काढायची, आले की गादीखाली. कबूल करायची लाज वाटली, म्हणून बेफिकीरपणे म्हटलं, काही नाही, एक बंगला आहे, त्यात एक श्रीमंत म्हातारा मरून पडलाय.

"हाय," म्हणून पम्मी सरकून बसली. "फिर?"

त्यानंतर माझी सुटका नव्हती. सकाळी मराठीत वाचायचं, संध्याकाळी हिंदीत सांगायचं. माझं हिंदी असं की म्हाताऱ्याचा पुतण्या काही दिवस त्याची पुतणी होता. कुणाला फरक पडला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुखर्जीबाई शंका काढायच्या, मला उत्तरं येत नसत, म्हणून मी दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण पुन्हा वाचायची. एम.ए.ला इतकं बारकाईनं वाचलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता. लाइट वेळेवर आली तर बायका बिजलीवाल्यांना शिव्या द्यायच्या. सज्ज्याखाली मधाचं पोळं लागलं आणि चौकीदार मशाल घेऊन आला, तेव्हा मीच त्याला थांबवलं, माश्यांबद्दल चार पानं वाचलेली बाई म्हणून.

शेवटचं प्रकरण राहिलं आणि दिवाळी आली. मी सामान बांधत होते. किती बांधायचं ते यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पम्मी दारात उभी राहिली. "खून किसने किया, ये बताए बिना आप मायके नहीं जा सकतीं." मी म्हटलं, मीही वाचलेलं नाही. "तो मत पढ़ना," ती म्हणाली. "यहीं आके पढ़ना."

नागपूरला पोचले, गठ्ठा आईपुढे ठेवला आणि म्हटलं, माझी दे. आई खुर्चीत माझी एक कादंबरी घेऊन बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"थांब. ही माझी वाचून व्हायची आहे अजून."

बाकीची तिनं सगळी वाचून काढली होती. जेवताना एकेकाचा निकाल लावला. "हा बाप्या अख्खं पुस्तक खिडकीत उभा आहे. घरात पाणी भरायला कुणी सांगत नाही का त्याला?" मी चिडून हसले. पण एका पुस्तकातल्या, कुणाशी न बोलणाऱ्या बाईबद्दल ती म्हणाली, "हिच्यात मला तू दिसत होती. म्हणून ते मी दोनदा वाचलं."

हसता हसता मी तिला गच्चीचं सांगत बसले. पम्मीचा आवाज, मुखर्जीबाईंच्या शंका, पुतण्याची पुतणी. मग म्हटलं, आता सांगून टाक ना, म्हाताऱ्याला मारलं कुणी? आणि घाईघाईनं पुढचंही बोलून टाकलं, की मी परत जाणार नाहीये, इथंच राहीन म्हणते.

आई उठली. बंगल्याचं पुस्तक हातात घेतलं, पुन्हा माझ्या पिशवीत घातलं.

"राहा की. घर तुझंच आहे. पण त्या बाया तिकडे वाट पाहून राहिल्या. शेवट त्यांच्यापुढे वाच."

दोन्ही फळ्यांमधली निम्मी निम्मी घेऊन मी नोएडाला आले. या वेळी नावं बघून निवडली. शेवटचं प्रकरण गच्चीवर टॉर्च धरून वाचलं. खुनी निघाला म्हाताऱ्याचा डॉक्टर. पम्मीनं त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "जो बार-बार तबीयत पूछे, वही होता है."

आता आमच्या बिल्डिंगसमोर इतके मनोरे उभे राहिलेत की गच्चीवरून आकाश तुकड्यांत दिसतं. लाइट जात नाही, त्यामुळे गच्चीवर कुणी येत नाही. पम्मी मुलाकडे कॅनडात गेली. आई गेली, नागपूरचं घर गेलं. मंजू गुरगावला असते. तिची लेक ईरा मला मोबाइलवर पुस्तकं दाखवायची, पन्नास चेहऱ्यांचं कव्हर, खाली वाचकांनी दिलेल्या चांदण्या. "आजी, तुझा जॉनर कोणता? कसली पुस्तकं तुझी?" मी म्हणायची, खाकी.

ईरा या वर्षी पुण्याला कॉलेजला गेली. उलटा प्रवास. दिल्लीत वाढलेली पोर, निम्मे मराठी शब्द वाटेत सांडलेले, तिला भीती की तिथल्या मुली हसतील. हसल्याच. मी तिला सहा-सात पुस्तकं दिली, सगळी खाकी कव्हरात, नावं न टाकता. परवा फोन आला.

"आजी, मी रोज रूममध्ये थोडं वाचून दाखवते. आधी मुली मेरे उच्चारांवर हसायच्या, आता बिल्कुल चुप बसतात. पण आजी, बंगल्यावालीचा लास्ट चॅप्टरच नाहीये."

पुस्तक जुनं आहे, शिवण उसवली, ती पानं आपोआप सुटली होती. मी फक्त ती गठ्ठ्यात ठेवायची विसरले. म्हणजे, माझ्या उशाखाली ठेवली.

"फोटो काढून पाठव ना."

मला कॅमेरा चालवता येत नाही, असं मी तिला सांगितलं. पम्मीला मी रोज माझ्या कुंड्यांचे फोटो पाठवते.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी नागपूर म्हणायची, मग काही वर्षं नोएडा म्हटलं. आता उत्तर देताना माझी जीभ अडखळते. "पुढे काय झालं" असं विचारत कुणी थांबलेलं असेल, तिकडे माझा जीव ओढतो. त्यामुळे तो कधी एका गावात नसतो. आईनं शेवट माझ्या पिशवीत घालून मला पाठवून दिलं. माझं मन एवढं मोठं नाही.

"दिवाळीला ये," मी ईराला सांगितलं. "इथंच वाच."