नमुन्यांच्या फ्रिजमधलं दूध
फिनेलचा वास आला की लातूरच्या आमच्या पशुरोग प्रयोगशाळेतली ती दुपार आठवते आणि अजूनही डोकं तापतं. अहमदपूरकडून गाभडलेल्या म्हशींच्या रक्ताचे नमुने आले होते. चहाचं दूधही त्याच फ्रिजमध्ये असायचं, कारण दुसरा फ्रिज साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या थंड पाण्यासाठी होता. एक नळी तडकून रक्त दुधाच्या पिशवीवर सांडलं होतं. चहा करणारी ताई पोटुशी होती. पिशवी पदराला पुसून ती दातांनी कोपरा फाडणार, तेवढ्यात मी ती हिसकावली. "काय झालं, मॅडम?" ती घाबरून म्हणाली. म्हशींना गाभडवणारा हा रोग माणसालाही होतो, पोटातलं लेकरू जाऊ शकतं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, "लई बाऊ करून राहिल्या तुम्ही. वरून धुऊन घ्या की, आतलं दूध चांगलं हाय." मी त्यांच्यादेखत पिशवी फिनेलच्या बादलीत टाकली, ताईचे हात धुतले आणि केबिनमधला फ्रिज ओढत चहाच्या खोलीत नेऊन लावला. लवकरच माझी दूर, आडबाजूच्या किनवटला बदली झाली. ताईला मुलगी झाली, सुखरूप. परवा साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या शिस्तीवर भाषणं झाली. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता; मी बसूनच राहिले.