मागच्या खोलीतला कप

कोणी फार गोड बोललं की मला आधी त्याच्या पिशवीत काय आहे ते बघावंसं वाटतं. स्वभावच तसा. चेन्नईच्या कडेला संरक्षण कारखान्याच्या वसाहतीत अकरा वर्षं काढल्यावर तो आणखी पक्का झाला होता. तिथे तपासणी झाली की मागून नोटीस यायचीच.

त्या वर्षी वसाहतीच्या सेक्रेटरीबरोबर कॉलेजातली एक संशोधक बाई आली. तळमजल्यावरच्या घरांत रेडॉन मोजायचा म्हणाली. आमच्या मागच्या खोलीत तिने छताला एक प्लास्टिकचा कप उलटा टांगला. आत फिल्मचा छोटासा तुकडा. तीन महिने हात लावायचा नाही.

"पण कशाला?" मी विचारलं.

"सुम्मा, अक्का," ती हसून म्हणाली. म्हणजे सहजच. या शहरात ज्याला 'सुम्मा' म्हणतात त्यात हमखास पाणी मुरत असतं, असा माझा अनुभव.

नवऱ्याने समजावलं, हा वायू जमिनीतून येतो, बंद खोलीत साठतो, फुप्फुसांना वाईट. त्याला वास नाही, रंग नाही.

"अहो, मग तो आहे हे कशावरून?"

"तेच बघायला तर कप लावलाय!"

आमच्या दहावीतल्या मुलीला दमा. एग्मोरच्या डॉक्टरांकडे फेऱ्या चालूच. मागची खोली तिला अभ्यासाला हवी होती, पण तिथली एकुलती एक खिडकी डासांपायी कायमची बंद. नवरा तिला म्हणाला, "रिपोर्ट येऊ दे. तोवर हॉलमध्येच झोप."

माझ्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकत होती. आमचा ब्लॉक जुना, पाडायला कारखानावाल्यांना निमित्तच हवं असणार. आकडा वाईट आला की म्हणतील, क्वार्टर खाली करा. ऐन बोर्डाच्या वर्षी जायचं कुठे? तपासणी आली की आम्ही बायका ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवायचो, तिथे एवढ्याशा कपाचं काय! दुसऱ्याच दिवशी मी तो काढला आणि मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला, मोकळ्या हवेत टांगला. खोलीत त्याच्या जागी आइस्क्रीमचा रिकामा कप. घरात कोणाला पत्ता नाही. बाई न्यायला यायच्या सकाळी पुन्हा अदलाबदल केली, आणि तिला कॉफीही पाजली.

रिपोर्ट आला. काळजीचं कारण नाही. मी मनातल्या मनात जिंकले.

नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि त्याच संध्याकाळी मुलीची कॉट मागच्या खोलीत नेली. किती हलकं वाटत होतं त्याला! मुलीने भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून तिचा खोकला ऐकू आला. रोजचाच होता, पण मी हातातलं काम टाकून दाराशी गेले. त्या खोलीत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी दार उघडलं. "बाहेर ये. तो कप इथे नव्हताच." नवऱ्यालाही बोलावलं आणि सगळं सांगितलं.

त्याने कॉट पुन्हा हॉलकडे ओढायला घेतली. मुलगी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, माझ्या इनहेलरला तरी हात लावला नाहीस ना?"

मी नाही म्हटलं. तरी तिने तो दप्तरातून काढला आणि हलवून बघितला.