थांबलेलं अस्वल

आमच्या काकाइतका उतावळा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. चहा निवेपर्यंत कोण थांबतंय म्हणून तो त्यात गार पाणी ओतून प्यायचा. जिना उतरता उतरता शर्टाची बटणं लावायचा आणि हटकून एक चुकवायचा. घराच्या खालीच त्याचं व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचं दुकान होतं, पण पुढे पळवल्याशिवाय त्याने एकही सिनेमा पाहिला नव्हता. "शेवटी लग्न लागतं ना? मग झालं तर!" असा त्याचा हिशेब. वर, गिऱ्हाइकाने कॅसेट रिवाइंड न करता परत आणली की याच्या अंगाचा तिळपापड. दुकानातला त्याचा आवाज आम्हाला वर स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि आई म्हणायची, "चला, आज कोणाची तरी पूजा बांधली."

त्या घरात माझी धाकटी बहीण होती. तिला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. जन्मापासून तिचे हातपाय ताठ, मान डळमळती. सुताराकडून करून घेतलेल्या पट्ट्याच्या खुर्चीत ती बसायची आणि आम्ही सगळे तिच्या दिमतीला. डोकं तल्लख, गंमत सगळ्यांच्या आधी कळायची, पण शब्द ओठांपर्यंत यायला फार वेळ लागायचा. तेवढा वेळ आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. तिने तोंड उघडायचा अवकाश, आई म्हणायची, "पाणी हवंय तिला." मी म्हणायचे, "उशी सरकवा." काका तर तिने तोंड उघडायच्या आधीच बोलून मोकळा. सगळं प्रेमाने चाललं होतं, आणि तिला बोलायची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम लागायचा. त्यात गळ्यात मफलर घातलेलं एक कापडी अस्वल असायचं. एक डोळा जरा खाली शिवलेला, तोंड बोलण्याच्या मागेपुढे उघडायचं, आणि मान बाईसाहेबांसारखीच डुगडुगायची. ते पडद्यावर आलं की ती अशी काही किंचाळायची, टाचा खुर्चीवर अशा आपटायची, की खालून काका ओरडायचा, "आलं वाटतं अस्वल!" दिवसभराची तिची किरकिर त्या क्षणी पळून जायची. तिचा तो चेहरा आठवला की आजही माझा दिवस बरा जातो.

कार्यक्रमाच्या शेवटी अस्वल एखाद्या प्राण्याचा आवाज काढायचं, "ओळखा पाहू, कोण ते?" म्हणायचं आणि कानामागे पंजा धरायचं. क्षणभर थांबून लगेच, "बरोब्बर! शहाणी गं माझी बाळं!" बाईसाहेब सुरुवातीला जिवाच्या आकांताने उत्तर द्यायला जायची. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, ओठ जुळून यायचे, तोवर अस्वल टाटा करत असायचं. काही दिवसांनी तिने तो नाद सोडला. प्रश्न आला की डोळे मिटून घ्यायची. हळूहळू एरवीही तिच्या तोंडून आवाज निघेनासा झाला. तिच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "हिने प्रयत्न सोडले तर आहे तेही जाईल." आई त्या दिवशी पोळपाटापाशी बसून रडली. मी पहिल्यांदाच घाबरले.

पुढे तिला त्या बाईंकडे व्यायामाला न्यायची वेळ नेमकी कार्यक्रमाच्या वेळेवर आली, म्हणून काका तो कॅसेटवर उतरवून ठेवू लागला. एकदा तो तिला ती कॅसेट दाखवत असताना खालून कोणीतरी हाका मारल्या. काकाने रिमोटचं पॉझचं बटण दाबलं आणि खिडकीतून भांडायला उभा राहिला. अस्वल प्रश्न विचारून, कानामागे पंजा धरून तसंच थिजलं.

भांडण आटोपून काका वळला तर बाईसाहेबांचे डोळे टक्क उघडे. ती अस्वलाकडे बघत होती. ओठ हलत होते, गळ्यात काहीतरी गोळा होत होतं. पण काका तो काकाच! सवयीने त्याने बटण दाबून टाकलं. "बरोब्बर!" अस्वल म्हणालं, आणि पोर हंबरडा फोडून रडली.

काका मटकन खाली बसला. "वहिनी," तो आईला म्हणाला, "ती बोलत होती गं. मीच मोडता घातला."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकानाचं दार ओढून तो वर यायला लागला. आल्या आल्या फर्मान सुटायचं, "कोणी तोंडातून ब्र काढायचा नाही!" मग खुर्चीशेजारी मांडी घालून, रिमोटवर अंगठा ठेवून बसायचा. प्रश्न आला की अस्वलाला थांबवायचा. चित्र थरथरायचं, त्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. फार वेळ थांबवलं तर यंत्र आपोआप पुढे चालू लागायचं. मग काका त्या यंत्राला तोंडाला येईल ते बोलायचा, कॅसेट मागे न्यायचा, पुन्हा थांबवायचा. तीच ती जागा घासून कॅसेट खराब होते, हे गिऱ्हाइकांना ओरडून सांगणारा हाच माणूस.

तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. आठवडेच्या आठवडे गेले. काकाचा पाय हलायचा, कपाळावर घाम यायचा, पण तोंड बंद. एकदा न राहवून मी कुजबुजले, "बेडूक." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून गॅलरीत गेले. आई म्हणाली, "भाऊजी, पुरे आता. नका जिवाला लावून घेऊ." तो म्हणाला, "तिला घाई नाही वहिनी, आणि मलाही नाही." हे वाक्य काकाच्या तोंडून ऐकून आईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

त्या दिवशी अस्वलाने आवाज काढला, "ढेंचू! ढेंचू! ओळखा पाहू, इतकं मोठ्याने कोण ओरडतं?" काकाने बटण दाबलं. बाईसाहेबांनी अस्वलाकडे पाहिलं. मग मान कशीबशी वळवून काकाकडे पाहिलं. पुन्हा अस्वलाकडे. ओठ उघडले, मिटले, परत उघडले. घशातून खरखर आली.

"का..." ती म्हणाली. दम घेतला. "...का."

ती हाक तिने त्याला आजवर कधीच मारली नव्हती. काकाचा चेहरा आधी फुलला, मग प्रश्न काय होता ते त्याच्या ध्यानात आलं. बाईसाहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दबून बसलं होतं. उत्तर तिला पक्कं ठाऊक होतं.

कोणाचंही ऐकून न घेणाऱ्या माझ्या काकाने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

"बरोब्बर!" अस्वल म्हणालं.

ती इतकी हसली, की खुर्ची भिंतीला आपटली. आई हसता हसता रडायला लागली. काकाने कॅसेट मागे नेली, मग जिन्यात जाऊन खाली दुकानापाशी ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना वर बोलावलं. "या, या, लवकर या! आमची पोर मला काय म्हणते ते ऐका!" चपला काढून ती सगळी भिंतीला टेकून उभी राहिली. काकाने अस्वलाला थांबवलं, ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, आणि आपल्याला पुन्हा गाढव म्हणवून घ्यायला अगदी निवांत बसला.